कायमच्या आयब्रो: बंदी नको, पण सुईवर कुणाचं तरी लक्ष हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी परमनंट मेकअपवर अर्धं पान आलं होतं. त्यात जवळजवळ सगळं 'उठल्या उठल्या तयार, आरशाची गरज नाही' असं, आणि खाली एका डॉक्टरांच्या चार ओळी की सावध राहा. आता सावध म्हणजे नक्की कशापासून, ते काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हे पत्र. मी कोपरखैरण्याला पार्लर चालवते, छोटंच आहे, दोन खुर्च्या आणि आत पडद्यामागे एक बेड. परमनंट मेकअप मी करत नाही. पण थ्रेडिंग करताना समोरच्या बाईची भुवई माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब असते, त्यामुळे ठाण्यात, वाशीत, खारघरला जाऊन कोण काय करून आलंय ते मला रोज दिसतं, छान झालेलंही आणि बघवत नाही असंही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनासारख्या हँडलला बारीक सुयांची एक ओळ लावलेली असते, तिने भुवईत केसासारखे बारीक काप देतात आणि त्यात रंग भरतात. पावडर ब्रो, ओम्ब्रे ब्रो म्हणतात ते मशीनने होतं, ठिपके ठिपके टाकत. तसंच ओठांना लिप ब्लश, पापणीच्या कडेला आयलायनर. वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते म्हणून रंग तिच्या खालच्या थरात टाकावा लागतो, तरच टिकतो. म्हणजे हा टॅटूच, फक्त चेहऱ्यावरचा. आपल्या आज्या कपाळावर, हनुवटीवर गोंदून घ्यायच्याच की, फरक इतकाच की गोंदणारी बाई 'दोन वर्षांनी आपोआप जाईल हं' असं कुणाला सांगायची नाही. आता सांगतात एक ते तीन वर्षं टिकतं. फिकट होतं हे खरंय, पण पूर्ण जातंच असं नाही, कित्येकींना मागे एक करडी नाहीतर लालसर छटा राहते आणि ती झाकायला परत करून घ्यावं लागतं.

आधी फायद्याचं बोलते, कारण मला कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाहीये आणि फायदा आहेच. आमच्याकडे खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, त्यामुळे केमो घेतलेल्या बायका या पट्ट्यात बऱ्याच. माझ्या एका कस्टमरचे डोक्याचे केस छान परत आले पण भुवया अर्ध्याच आल्या. तिने डॉक्टरांना विचारून, रिपोर्ट नीट आल्यावर भुवया करून घेतल्या. मला म्हणाली, आता लिफ्टमध्ये कुणी 'बरं वाटतंय का' असं विचारत नाही, नुसतं 'कशा आहात' विचारतात. हे पावडरने आणि पेन्सिलने होत नाही, ती पेन्सिल घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये घामानेच निघून जाते. चाई लागून भुवया गेलेल्यांचं तसंच. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना चष्मा काढला की आरशात स्वतःचं नाकही दिसत नाही, त्यांनी आयलायनर कसं लावायचं? ओठावर कोड असेल आणि ते पसरायचं थांबलेलं असेल तर स्किनचे डॉक्टर स्वतः याच पद्धतीने रंग भरतात, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर नव्याने बनवलेल्या स्तनावर स्तनाग्राचा रंगसुद्धा असाच देतात. त्यामुळे जे लोक 'देवाने दिलंय त्यात समाधान माना' म्हणतात त्यांना मी फार मनावर घेत नाही. ज्यांच्या भुवया जाग्यावर आहेत त्यांचंच हे समाधान असतं बहुतेक!

आणि नव्वदच्या दशकात तरुण असलेल्या बायका, म्हणजे आता पन्नाशीच्या आसपासच्या, त्यांनी धाग्याएवढ्या बारीक आयब्रो करायची जी फॅशन होती ती इतकी वर्षं केली की आता तिथे केसच येत नाहीत. त्या येतात, 'जरा जाड शेप दे ना गं' म्हणतात, मी कुठून देऊ. पण यातच एक सांगायचंय की भुवईचं बाहेरचं टोक विरळ व्हायला लागलं असेल तर पैसे भरायच्या आधी थायरॉइडची टेस्ट करून घ्या. थायरॉइड कमी असलं की भुवयांचे बाहेरचे केस जातात, आणि गोळी सुरू झाली की बऱ्याच जणींचे परतही येतात. आयब्रोचे दर आमच्या भागात चार-पाच हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत काहीही आहेत, त्यामानाने टेस्ट किरकोळ आहे.

आता दुसरी बाजू. सगळ्यात जास्त मी बघते ते रंगाचं. सुई गरजेपेक्षा खोल गेली की काळा-तपकिरी रंग कातडीखालून निळसर करडा दिसायला लागतो आणि कडा फुटतात. ज्या रंगात कार्बनचा काळा जास्त तो करड्याकडे जातो, ज्यात आयर्न ऑक्साइड जास्त तो विटकरी, नारिंगी होतो. लावल्या दिवशी हे काहीच कळत नाही. पहिले काही दिवस रंग गडद, मग आठवडा-दहा दिवसांत खपल्या निघतात, मग एकदम फिकट वाटतं, आणि खरा रंग कळायला महिना-दीड महिना जातो. इन्स्टावरचे फोटो मात्र त्याच दिवसाचे, भुवई लालबुंद ताजी असतानाचे, वर रिंगलाइट. म्हणून कुणाकडे करून घ्यायचंच असेल तर तिला सांगा, वर्षापूर्वी केलेल्यांचे आत्ताचे फोटो दाखव. जिच्याकडे ते नाहीत तिच्याकडून सरळ उठून या.

यात आपल्या हवेचाही भाग आहे, जो कुणी सांगत नाही. ते केसासारखे बारीक स्ट्रोक कोरड्या कातडीवर सुरेख बसतात. आपण समुद्राकाठचे, बारा महिने घाम, बहुतेकींची कातडी तेलकट, तिथे ते स्ट्रोक ओल्या वहीवर शाईचं पेन चालवल्यासारखे पसरतात आणि सहा-आठ महिन्यांत एकच ठिगळ दिसतं. तेलकट कातडीला मशीनचं ठिपक्यांचं काम जास्त बरं पडतं, हे चांगली आर्टिस्ट स्वतःच सांगते आणि बाकीच्या विचारलं तरी सांगत नाहीत कारण त्यांनी मायक्रोब्लेडिंगचाच कोर्स केलेला असतो. शिवाय पहिले दहाएक दिवस भुवई कोरडी ठेवायची असते, घाम नको, पोहणं नको, ऊन नको. आता मला सांगा, मे महिन्यात ठाणे-पनवेल लोकलमध्ये सकाळी साडेआठला उभं राहून घाम नको म्हणजे काय करायचं? तरी लग्नसराईच्या ऑफर नेमक्या एप्रिल-मेमध्ये असतात. लग्नाला पंधरा दिवस उरलेत आणि नवरीच्या भुवईवर खपल्या, हे मी बघितलंय. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा अजून एक स्वभाव आहे की कुठेही जखम झाली की तिथे काळपट डाग राहतो. म्हणून काळे ओठ गुलाबी करून देतो असं जे सांगतात त्यात कधीकधी उलटंच होतं, ओठ आणखी काळे पडतात. ज्यांना ताप आल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात त्यांना ओठाला सुई लागली की ते फोड परत उसळतात, त्यांनी डॉक्टरांकडून आधी गोळी घेऊन मगच जावं.

पण रंग बिघडला तर माणूस निदान दिसायला वाईट दिसतो, एवढंच. माझी खरी काळजी सुई. सुई कातडीत जाते, रक्त येतं, थोडं का होईना येतंच. हिपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी आहे, एचआयव्ही आहे. हिपॅटायटिस बीला निदान लस आहे, सीला तीही नाही. आणि आमच्या लाइनमध्ये 'स्टरलाइज केलंय' म्हणजे काय असतं माहितीये का? निळा लाइट लागणारी एक पेटी असते, तिच्यात कात्र्या, ट्वीझर, सगळं टाकायचं. त्या लाइटने फक्त जिथे उजेड पडतो तिथलं थोडंफार होतं, बिजागरीत, खाचेत काही होत नाही. खरं स्टरलाइज करायचं तर ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे प्रेशरखाली 121 डिग्रीची वाफ, पंधरा मिनिटं तरी. दवाखान्यात असतो तो. पार्लरमध्ये मी क्वचित बघितलाय. सुई किंवा ब्लेड दर वेळेला नवीन सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडून काढायलाच हवं, हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. पण सुई नवीन आणि रंगाची वाटी जुनी, याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. उरलेला रंग महाग असतो ना, मग तो झाकून ठेवतात पुढचीसाठी. किंवा घट्ट झाला म्हणून त्यात पाणी घालतात, नळाचं नाहीतर बिसलेरीचं.

हे पाण्याचं साधं वाटतं, नाहीये. टीबीच्या जंतूच्या नात्यातले काही जंतू नळाच्या पाण्यात असतात, पिऊन सहसा काही होत नाही पण सुईने कातडीत गेले की महिनाभराने गाठी येतात, पू होतो, आणि साध्या अँटिबायोटिकने हटत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये 2009 मध्ये एकाच आर्टिस्टकडून भुवया केलेल्या 12 जणांना असं इन्फेक्शन झालं होतं, कितीतरी आठवडे औषधं आणि काहींना ऑपरेशनसुद्धा. स्वित्झर्लंडचं म्हणतेय मी, जिथे नळाचं पाणी लोक सरळ पितात. आमच्या बिल्डिंगची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारून बघा.

मग शाई. ती कुठून येते हे करणाऱ्या मुलीलाही माहीत नसतं, ऑनलाइन मागवलेली बाटली, वर लेबल असतं नसतं, एक्स्पायरी घासलेली. आणि बाहेरच्या देशात सगळं चांगलंच असतं असंही नाही. अमेरिकेत 2003-04 मध्ये एका कंपनीच्या परमनंट मेकअपच्या शाईवरून तिथल्या एफडीएकडे, म्हणजे औषधं आणि कॉस्मेटिक्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, दीडशेच्या वर तक्रारी गेल्या होत्या, सूज, खाज, गाठी. युरोपात 4 जानेवारी 2022 पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या शाईत चार हजारांच्या वर केमिकल्सवर बंदी किंवा मर्यादा आली. छान झालं त्यांचं. पण मला प्रश्न पडतो तो हा की तिथे ज्या बाटल्या विकता येईनात त्या कुठे गेल्या असतील. सुन्न करायच्या क्रीमचंही तसंच, याच अमेरिकन एफडीएने मार्च 2024 मध्ये सांगितलंय की अशा क्रीममध्ये लिडोकेन, म्हणजे सुन्न करणारं औषध, 4 टक्क्यांच्या वर नको, जास्त असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत, झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि आमच्याकडे ते क्रीम थापून वर प्लास्टिक गुंडाळून पाऊण तास बसवतात, 'दुखणार नाही गं' म्हणत.

बिघडलं तर लेझरने काढता येतं, हे वाक्य सगळीकडे ऐकाल. काढता येतं, पण एका फटक्यात नाही, बऱ्याच सिटिंग लागतात आणि लावायला दिले त्याच्यापेक्षा काढायला जास्त जातात. वर एक गंमत, गंमत कसली म्हणा, आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियमचा पांढरा मिसळलेला रंग असेल तर लेझर लागल्या लागल्या तो काळा पडू शकतो. म्हणजे गुलाबी ओठ काढायला गेलात आणि काळे घेऊन आलात. म्हणून लेझर पार्लरमध्ये नकोच, स्किनच्या डॉक्टरकडेच, आणि आधी कोपऱ्यात एका ठिपक्यावर ट्राय करून. आयलायनरबद्दल तर मी माझ्या कस्टमरना सरळ नाही म्हणून सांगते. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते, तिथे सुई चालली की पुढे डोळे कोरडे पडायचा त्रास होऊ शकतो, आणि मशीन हातात असलेल्या मुलीला शिंक आली तर काय, हा विचारच मला सहन होत नाही.

ज्यांना जखमेचा वण फुगून वर येतो, ज्यांना सोरायसिस आहे किंवा कोड अजून पसरतंय त्यांनी यात पडू नये, कारण जिथे सुई लागेल तिथेच तो आजार उठतो. शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या, यांनी आधी डॉक्टर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांनी थांबावं, भुवई कुठे पळून जात नाही. एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या माणसाला सांगून ठेवा की चेहऱ्यावर असं काम केलंय. काही होण्याची शक्यता फार कमी असते, क्वचित जळजळ किंवा सूज येते, त्याला घाबरून एमआरआय टाळू मात्र नका. आणि हे केल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. दर शिवजयंतीच्या कँपला हौसेने जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या एका ताईंना तिथे जाऊन परत यावं लागलं तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा कळलं, करणारीने फॉर्मही भरून घेतला नव्हता.

फॉर्म कुठून भरून घेणार? कोर्स कसे असतात ते सांगते. तीन दिवस, एखाद्या हॉटेलचा हॉल, रबरी कातडीवर रेघा मारायच्या, शेवटच्या दिवशी एखादी मॉडेल, ती म्हणजे बहुतेक करून कुणाची तरी बहीण, आणि मग सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट, वर 'इंटरनॅशनल'. मलाही दर आठवड्याला मेसेज येतात. इन्फेक्शनवर किती वेळ शिकवता असं एकदा मी विचारलं तर समोरची म्हणाली, मॅम त्याचं पीडीएफ देतो. तरी सगळ्या तशा नाहीत हेही लिहायला हवं. ठाण्यात नौपाड्यात एक जण आहे, ती पहिल्या दिवशी काम करतच नाही, फक्त बोलते, कानामागे रंगाची टेस्ट लावते, आणि निम्म्या बायकांना परत पाठवते. तिच्याकडे गर्दी कमी आहे अर्थात.

तर माझं म्हणणं इतकंच आहे की बंदी घालू नका. बंदी घातली की हेच काम घरातल्या बेडरूममध्ये, होम सर्व्हिस म्हणून होईल आणि मग तर काहीच दिसणार नाही. पण कुणीतरी बघा तरी! थोडीच माणसं असलेल्या छोट्या दुकानाला महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात नोंदणीसुद्धा लागत नाही, ऑनलाइन नुसतं कळवायचं, आणि आमची बहुतेक पार्लर चार-पाच जणींचीच. तो कायदा कामाच्या तासांचा, पगाराचा, सुट्टीचा आहे, सुईचा नाहीच. पार्लरच्या बाहेरच्या वडापावच्या गाडीला फूडची नोंदणी लागते आणि आत माणसाच्या चेहऱ्यात सुई घातली जाते का हे बघायला माझ्याकडे इतक्या वर्षांत कुणी येऊन एक कागद मागितलेला नाही.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांकडे आरोग्य विभाग आहे. त्यांनी वॉर्डावॉर्डात कोण कोण सुईचं काम करतं त्याची यादी केली, ऑटोक्लेव्ह किंवा पूर्ण डिस्पोजेबल यातलं एक कंपल्सरी केलं, शाईच्या बाटलीचं नाव आणि बॅच नंबर कस्टमरच्या बिलावर लिहायला लावलं, तरी निम्मं काम होईल. बॅच नंबर अशासाठी की उद्या गाठ आली तर स्किनच्या डॉक्टरला कळलं पाहिजे आत काय आहे, आत्ता तो नुसता अंदाज करतो. करणाऱ्या मुलींना हिपॅटायटिस बीची लस द्या, त्यांच्या हातालाही सुया टोचतात, त्यांचा विचार तर कुणीच करत नाही. आणि वापरलेल्या सुयांचं काहीतरी करा. स्वच्छ सर्वेक्षणात दर वेळी नाव काढणारं आमचं शहर, आणि या सुया टिश्यूत गुंडाळून साध्या डस्टबिनमध्ये जातात, तिथून घंटागाडीत, आणि मग कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या हातात. दवाखान्यांचा असा कचरा उचलणारी गाडी वेगळी असतेच, ती आठवड्यातून एकदा पार्लरला थांबवायला काय हरकत आहे, पैसे आम्ही देऊ.

ज्यांचं बिघडलंय त्यांनी गप्प बसू नका. बिल मागा, नसेल दिलं तर जीपेचा स्क्रीनशॉट आणि आधी-नंतरचे फोटो ठेवा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार स्वतःही करता येते. बायका लाजतात, नवऱ्याला न सांगता केलेलं असतं, म्हणून आमच्यासारखीकडे येऊन 'थ्रेडिंगने काही करता येईल का' विचारतात. कातडीच्या आतल्या रंगाला दोरा काय करणार.

आमच्या सेक्टरमधल्या चार-पाच पार्लरवाल्यांशी मी बोललेय, नोंदणी आली तर आमची तयारी आहे, जिथे सुईचं काम होत नाही तिथेही तपासायला या, ब्लेड-वॅक्स आमच्याकडेही असतंच. फी तेवढी परवडेल अशी ठेवा आणि फॉर्म मराठीत ठेवा.

आपली वाचक,
एक पार्लरवाली, कोपरखैरणे, नवी मुंबई